उन्हातला माग आणि सावलीतली चौकशी

मूल रडायचे थांबेना की आपल्याकडची आई त्याला दोन धाक घालते. एक बागुलबुवाचा आणि दुसरा पोलिसाचा. ‘गप्प बस, नाहीतर पोलीस धरून नेईल हं!’ हे वाक्य कानावर न पडता लहानाचा मोठा झालेला मराठी माणूस विरळाच. बागुलबुवा खोटा असतो हे मुलाला चारपाच वर्षांचे झाल्यावर आपोआप कळते. पोलिसाचे मात्र तसे होत नाही. मूल मोठे होते, शेतीभाती पाहू लागते, पागोटे किंवा टोपी घालून चावडीवर बसू लागते. पण गावच्या वेशीत खाकी कपडा दिसला की त्याच्या पोटात जो गोळा उठतो, तो त्या पाळण्यातल्या धाकाचाच असतो.

वास्तविक पोलीस येतो तो चोराला पकडायला. मग सावाने का भ्यावे? परंतु खेड्यातला नेहमीचा देखावा आठवून पाहा. चोरी झाली, मारामारी झाली आणि फौजदार चौकशीला आला, की ज्याच्या घरी चोरी झाली तोच आधी चिंतेत पडतो. पंच व्हायला कोणी पुढे येत नाही. ज्याने डोळ्यांनी पाहिले तो ‘मी त्या दिवशी परगावी होतो’ असे सांगतो. म्हातारी माणसे ‘आम्हाला डोळ्यांनी नीट दिसत नाही’ म्हणतात. सारे गाव एका रात्रीत आंधळे आणि बहिरे होते. शहरातला माणूस याला खेडवळपणा म्हणतो, सरकारी माणूस याला असहकार म्हणतो. माझ्या मते ही एक शिकलेली गोष्ट आहे. गेल्या दोनशे वर्षांच्या शाळेत खेड्याने ती शिकली आहे, आणि त्या शाळेचा इतिहास दिवाळीच्या फराळाबरोबर वाचायला थोडा कडू असला तरी वाचण्यासारखा आहे.

पेशवाई बुडाली ती १८१८ साली. जिंकलेल्या मुलखाची घडी कशी होती हे मौंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन याने १८१९ साली गव्हर्नर जनरलला पाठवलेल्या आपल्या अहवालात लिहून ठेवले आहे. माणूस परका, पण डोळस. गावाच्या बंदोबस्ताची जी हकीकत त्याने दिली आहे ती अशी. गावाच्या शांततेला जबाबदार पाटील. त्याच्या हाताशी कुलकर्णी, चौगुला आणि रात्रीच्या राखणीला जागल्या. हा जागल्या कोठे महार असे, कोठे रामोशी, कोठे भिल्ल किंवा कोळी. रात्री गस्त घालावी, कोण आला कोण गेला हे ध्यानात ठेवावे, गावातल्या प्रत्येक माणसाची चालरीत जाणावी, हे त्याचे काम. त्याला पगार नव्हता. घराघरातून मिळणारे धान्य आणि बलुते हीच त्याची प्राप्ती. ते मिळवायला त्याला रोज प्रत्येक दारात जावे लागे, आणि त्यामुळे प्रत्येक घरात काय चालले आहे हे त्याला आपोआप ठाऊक होई. एल्फिन्स्टनने ही खुबी नेमकी हेरली आहे.

चोरी झाली की जागल्याचे खरे काम सुरू होई. तो माग काढी. धुळीतले पाऊल, चिखलातली टाच, मोडलेली काडी, दवात उमटलेली वाट यांच्यावर नजर ठेवून तो पावलापावलाने चाले. आपल्या शिवेपर्यंत माग नेला आणि पुढच्या गावच्या जागल्याची खात्री पटवली, की त्याची जबाबदारी संपली. मग तो माग दुसऱ्या गावाने उचलायचा आणि आपल्या शिवेपर्यंत न्यायचा. असा हा माग शिवेवरून शिवेवर जाई. ज्या गावात तो शेवटी पोहोचला आणि पुढे निघाला नाही, त्या गावाने चोर द्यायचा, नाहीतर चोरीचा माल भरून द्यायचा. जागल्याने ऐपतीप्रमाणे द्यावे आणि उरलेले साऱ्या गावावर बसवावे, असा रिवाज होता. अर्थात सारी भरपाई नेहमी वसूल होत असे असे नाही. एल्फिन्स्टनच सांगतो, की पुरती भरपाई क्वचितच घेतली जाई. बहुधा काही दंडावर भागत असे.

हे वाचून कोणी ‘काय ते रामराज्य!’ असे म्हणू लागेल, तर त्याला हात जोडून थांबवले पाहिजे. ते रामराज्य नव्हते. राखणीचे कष्ट ज्यांच्या वाट्याला आले, त्यांना वेशीच्या आत घर बांधायची मुभा नव्हती. येसकर महार रात्रभर वेस राखी, सकाळी भाकरी मागायला दारात उभा राही आणि उंबऱ्याच्या आत पाऊल टाकू शकत नसे. रामोशांची राखण ही पुष्कळ ठिकाणी एक प्रकारची खंडणीच होती. राखणदार ठेवला नाही तर चोरी होते, आणि ठेवला की थांबते, याचा अर्थ न कळण्याइतके गावकरी भोळे नव्हते. पाटील जुलमी निघाला तर दाद मागायला दूर जावे लागे. हे सारे कबूल. तरीही एक गोष्ट उरतेच. त्या व्यवस्थेत चोर शोधणारा गावचा होता, उन्हात हिंडून शोधत होता, आणि त्याच्या शोधाची खात्री दुसऱ्या गावच्या माणसाला पटवावी लागत होती. शिवेवर उभा असलेला तो दुसरा जागल्या म्हणजे त्या काळचे न्यायाधीशच. माग खोटा असला तर तो उचलून घेणार नाही. कारण उचलला की भुर्दंड त्याच्या गावाला.

राज्य बदलले आणि या साखळीची कडी निसटली. किल्ल्यांवरच्या रामोशांचे काम गेले, त्यांच्या पोटगीला आणि हक्कांना कात्री लागली. पुरंदरच्या पायथ्याच्या भिवडी गावचा उमाजी नाईक याच असंतोषातून उभा राहिला. त्याची हकीकत मराठी वाचकांना ठाऊक आहे, म्हणून विस्तार करीत नाही. पण त्यातला एक प्रसंग आपल्या विषयाला महत्त्वाचा आहे. उमाजी हाती लागेना तेव्हा १८२८ च्या सुमारास सरकारने त्याला माफी दिली आणि त्याच मुलखाच्या बंदोबस्ताच्या कामावर ठेवले! काल ज्याच्यामागे फौज धावत होती तो आज राखणदार. नव्या राज्यकर्त्यांनाही कळून चुकले होते, की या डोंगरात राखण करायची तर ती येथल्याच माणसाकडून होईल. पण हा समेट टिकला नाही. पुन्हा बंड झाले, मोठे बक्षीस लागले, आपल्यांचीच फितुरी झाली, आणि ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात उमाजीला फाशी झाली. त्याचा पाठलाग करणाऱ्या कॅप्टन मॅकिंटॉशने पुढल्याच वर्षी रामोशांवर एक सबंध पुस्तक लिहून प्रसिद्ध केले. ज्यांना पकडायचे त्यांचा अभ्यास झाला. ज्यांच्यासाठी पकडायचे त्या खेडुतांचे मत मात्र कोणी विचारले नाही.

आता नवे पोलीस कसे आले ते पाहू. विलायतेत लंडन शहरासाठी १८२९ साली पोलीस उभारले गेले, ते निळ्या कपड्यातले आणि बहुधा बिनहत्यारी. आपल्याकडे जो नमुना आला तो त्यांचा नव्हे. तो आला आयर्लंडहून. आयर्लंड हा जिंकलेला मुलूख, तेथली प्रजा नाराज; म्हणून तेथले पोलीस हत्यारबंद, बराकीत राहणारे, आपल्या मुलखापासून दूर नेमलेले. सर चार्ल्स नेपियरने १८४३ साली सिंध जिंकल्यावर हाच नमुना तेथे उचलला. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क १८४७ साली सिंधमध्ये जाऊन तो पाहून आले, आणि १८५३ पासून मुंबई इलाख्यात जिल्ह्याजिल्ह्याला पोलीस सुपरिंटेंडेंट नेमून पोलिसांची नवी रचना झाली. १८६१ साली हिंदुस्थानभरचा पोलीस कायदा झाला, आणि १८६७ साली मुंबई इलाख्यासाठी दोन कायदे एकदमच आले, एक जिल्हा पोलिसांचा आणि दुसरा गावपोलिसांचा.

या दोन कायद्यांतच खेड्याच्या नशिबाची मेख आहे. गावपोलिसांच्या कायद्याने पाटील ठेवला, जागल्या ठेवला, चावडी ठेवली. पण पाटील आता गावाच्या वतीने वर बोलणारा राहिला नाही. वरच्याच्या वतीने गावात बोलणारा झाला. गुन्हा झाला की वर्दी द्यायची, फौजदार येईपर्यंत प्रेताजवळ बसायचे, फौजदार आला की त्याच्या घोड्याला गवत आणि स्वारीला शिधा पुरवायचा, हे त्याचे कर्तव्य. जुन्या व्यवस्थेतली मेहनत गावाकडे राहिली, अधिकार ठाण्यात गेला. ठाणे दहापंधरा कोसांवर. तेथला शिपाई परमुलखातला, त्याचा पगार इतका तुटपुंजा की त्याने गावावर पोट भरावे हे जणू गृहीतच धरलेले. त्याला गावची माणसे ठाऊक नाहीत, वाटा ठाऊक नाहीत, आणि धुळीतले पाऊल वाचता येत नाही. मग त्याने चोर शोधायचा कसा?

त्याने एक सोपा उपाय काढला. तो संशयिताला धरी आणि त्याच्याच तोंडून गुन्हा वदवून घेई.

हे मी पदरचे सांगत नाही. १८५४ साली मद्रास इलाख्यात छळाच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी खुद्द कंपनी सरकारने एक कमिशन नेमले होते. सारावसुलीसाठी आणि कबुलीजबाबासाठी रयतेला छळण्याची चाल सर्रास आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. बोटे चिमट्यात धरणे, उन्हात वाकवून उभे करणे असे एकेक प्रकार त्यात नोंदलेले आहेत. सणासुदीच्या दिवसांत त्यांचे वर्णन नको. पण पुढे जे घडले ते मात्र प्रत्येकाने जाणून घेण्यासारखे आहे. सरकारने १८६१ च्या फौजदारी कामकाजाच्या कायद्यात असे ठरवून टाकले, की पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालणार नाही. १८७२ साली पुराव्याचा कायदा झाला तेव्हा हीच गोष्ट त्याच्या २५ व्या कलमात जाऊन बसली.

या कलमाचा अर्थ जरा शांतपणे पाहा. आपण बाजारात एखाद्याला म्हणालो, ‘होय, मी चोरी केली’, तर ते पुराव्यात येते. शेजाऱ्याला म्हणालो, तरी येते. सबंध देशात फक्त एका माणसापुढे केलेली कबुली कायदा कानाआड करतो, आणि तो माणूस म्हणजे सरकारनेच नेमलेला, सरकारच्याच गणवेशातला पोलीस! खेडुताचा पोलिसावर विश्वास नाही अशी तक्रार सरकारी अहवालांत वारंवार आढळते. परंतु तो अविश्वास खेडुताने बोलून दाखवण्यापूर्वी सरकारनेच कायद्याच्या पुस्तकात छापून ठेवला होता. अडाणी शेतकरी आणि शहाणा कायदेपंडित यांचे याबाबतीत पुरते एकमत होते.

पुराव्याचा कायदा ज्याने रचला तो जेम्स फिट्झजेम्स स्टीफन याने पुढे १८८३ साली एक आठवण लिहून ठेवली आहे. हिंदुस्थानातले पोलीस कैद्यांना का छळतात असा विषय निघाला असता एका अनुभवी अधिकाऱ्याने त्याला जे सांगितले त्याचा मथितार्थ असा, की याचे मूळ पुष्कळसे आळसात आहे. उन्हातान्हात पुरावा धुंडाळीत हिंडण्यापेक्षा सावलीत आरामात बसून एखाद्या गरिबाच्या डोळ्यांत तिखट चोळणे किती तरी सोपे! हे वाचले की मला तो शिवेवरचा जागल्या आठवतो. त्याच्याकडे ना गणवेश होता ना दप्तर. पण तो उन्हात होता. नवी चौकशी सावलीत बसली, आणि गावाचा विश्वास उडाला तो या सावलीपाशी.

कायद्याने एक दार लावले खरे, पण शेजारचे किलकिले राहिले. २७ व्या कलमाप्रमाणे आरोपीने कोठडीत सांगितल्यावरून एखादी वस्तू सापडली, तर तेवढ्यापुरते त्याचे सांगणे पुराव्यात येते. म्हणजे कबुली नको, पण कबुलीतून निघालेला कोयता चालेल. मग कोयता निघेपर्यंत चौकशी चालूच. पंचनाम्याला पंच म्हणून उभे राहायला खेड्यातला माणूस का कचरतो, याचे एक कारण येथे आहे. वस्तू कोठून ‘निघाली’ हे त्याने पाहिलेले असते, आणि कागदावर काय लिहिले आहे हेही त्याला वाचून दाखवलेले असते. या दोहोंत अंतर पडले, तर कोर्टात उलटतपासणी त्याची होते, आणि गावात राहायचे असते तेही त्यालाच.

कबुलीनंतरचे दुसरे हत्यार म्हणजे जादा पोलीस. एखाद्या गावात दंगा झाला, गाव ‘बिघडले’ असे सरकारला वाटले, की तेथे शिक्षेदाखल पोलिसांची तुकडी बसवायची आणि तिचा खर्च गावकऱ्यांकडून वसूल करायचा. १८७५ साली दख्खनच्या शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध जे उठाव केले तेव्हा याचा अनुभव पुणे आणि नगर जिल्ह्यांना आला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावच्या बाजारात सुरुवात झाली. शेतकऱ्यांचा रोख सावकारांच्या जिवावर नव्हता, तो कर्जरोख्यांवर होता. रोखे आणि हुकूमनामे जाळले की बहुतेक ठिकाणी लोक घरी जात. दोन्ही जिल्ह्यांत मिळून सुमारे साडेनऊशे माणसे पकडली गेली, त्यांपैकी पाचशेच्या वर लोकांना शिक्षा झाल्या, आणि गावोगाव पोलिसांची ठाणी बसली. पुढे कमिशन नेमले गेले आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदाही झाला. शेतकऱ्याची तक्रार खरी होती हे सरकारने चार वर्षांनी मानले. पोलीस मात्र चार दिवसांत आले होते.

येथे जुन्या आणि नव्या व्यवस्थेतला फरक स्पष्ट दिसतो. ‘गाव जबाबदार’ हे सूत्र दोहोंतही आहे. जुन्यात गावाकडे राखण होती, माग काढण्याची विद्या होती, म्हणून भरपाईही गावाकडे होती. नव्यात गावाच्या हातची राखण काढून घेतली आणि भरपाई तेवढी ठेवली. तीही चोरी झालेल्याला मिळेना. ती जाई पहारेकऱ्याच्या पगारात. ज्या पोलिसाच्या पोळीवरचे तूप आपल्याच दंडातून येते, त्याच्यावर गावाने माया करावी अशी अपेक्षा कोणता शहाणा करील?

तिसरे पाऊल याहूनही कठोर होते. १८७१ साली उत्तर हिंदुस्थानात गुन्हेगार जमातींचा कायदा आला, आणि १९११ सालच्या कायद्याने तो मुंबई इलाख्यासह सर्वत्र लागू होऊ शकला. या कायद्याने गुन्हा शोधण्याची कटकटच संपवली. काही जाती जन्मानेच गुन्हेगार ठरल्या. त्यांतल्या माणसांनी ठरल्या वेळी हजेरी द्यायची, परवान्याशिवाय गाव सोडायचे नाही. सोलापूरला तर तारेच्या कुंपणातली वसाहतच होती. स्वातंत्र्यानंतर, ३१ ऑगस्ट १९५२ रोजी, हा कायदा देशभर रद्द झाला आणि या जमाती ‘विमुक्त’ म्हणवल्या जाऊ लागल्या. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीवर नजर टाकली तर तीत बेरड आहेत, आणि रामोशीही आहेत. शतकानुशतके गावची राखण केली ते हेच. राखणदार आणि चोर यांच्यामधली शीव सरकारी दप्तरात कशी पुसली गेली, याचा याहून बोलका दाखला मला ठाऊक नाही. कायदा गेला तरी संशय गेला नाही. तो कसा मागे लागतो हे लक्ष्मण गायकवाडांनी ‘उचल्या’त लिहिले, आणि १९८८ साली त्या पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

दरम्यान सरकारला आपल्या पोलिसांची कीर्ती ठाऊक नव्हती असे नाही. १९०२ साली सर अँड्र्यू फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या पोलीस कमिशनने सारा देश हिंडून साक्षी घेतल्या. पोलीस अकार्यक्षम आहेत, त्यांचे शिक्षण आणि देखरेख अपुरी आहे, लोक त्यांना लाचखाऊ आणि जुलमी समजतात, आणि लोकांचा विश्वास संपादन करण्यात त्यांना साफ अपयश आले आहे, असा त्याचा रोखठोक अभिप्राय होता. शिपायाचा पगार वाढवा, माणसे नीट निवडा, गावच्या चौकीदाराला हाताशी धरा, अशा सूचनाही होत्या. काही अमलात आल्या. पण ज्या राज्याला प्रजेवर वचक हवा होता, त्या राज्याला प्रजेचा विश्वास तितकासा निकडीचा वाटला नाही.

मग ती वेळ आली, जेव्हा खेडी उघड उभी राहिली. १९३० च्या जंगल सत्याग्रहात कुलाबा जिल्ह्यातल्या चिरनेर येथे २५ सप्टेंबर रोजी अक्कादेवीच्या माळावर पोलिसांनी गोळीबार केला. आठ सत्याग्रही हुतात्मे झाले. त्याच धुमश्चक्रीत खुद्द मामलेदारही मृत्युमुखी पडले. लोक मागत होते काय? ज्या जंगलात बापजाद्यांनी गुरे चारली तेथले गवत आणि सरपण.

१९४२ साली चांदा जिल्ह्यातल्या चिमूरला याहून दारुण प्रकार घडला. १६ ऑगस्ट रोजी, नागपंचमीच्या दिवशी, मिरवणुकीवर गोळीबार झाला. संतापलेल्या जमावाने अधिकाऱ्यांचे प्राण घेतले. ती हत्याच होती, आणि तिचे समर्थन होणार नाही. पण मागून लष्कर आणि पोलीस आले, गावचे पुरुष धरून नेले गेले, आणि मागे राहिलेल्या बायकांवर जे प्रसंग आले त्यांच्या तक्रारी बाहेर आल्या. सरकार चौकशीला तयार होईना. सेवाग्रामचे प्राध्यापक भणसाळी यांनी तेवढ्या एका मागणीसाठी, चौकशीसाठी, अन्नत्याग केला. हे उपोषण ६३ दिवस चालले आणि १२ जानेवारी १९४३ रोजी सुटले. बायका खोटे बोलत असतील तर तसे सिद्ध होऊ द्या, पण ऐकून तर घ्या, एवढेच त्या माणसाचे म्हणणे होते. आपले कोणी ऐकूनच घेणार नाही ही जाणीव खेड्याला माराहून अधिक लागते. मार विसरतो, न ऐकलेली तक्रार विसरत नाही.

त्याच काळात सातारा जिल्ह्यात खेड्यांनी निराळाच मार्ग धरला. क्रांतिसिंह नाना पाटील यांचे प्रतिसरकार १९४३ ते १९४६ या काळात कुंडल आणि आसपासच्या शेकडो गावांत चालले. इतिहास लिहिणारे गाड्यांवरचे आणि खजिन्यांवरचे छापे रंगवून सांगतात. मला त्याहून नवल वाटते ते न्यायदान मंडळांचे. जमिनीचे, कर्जाचे, नवराबायकोचे तंटे घेऊन लोक ठाण्यात जायचे सोडून या मंडळांपुढे येऊ लागले. दरोडेखोरांचा बंदोबस्त तुफान सेनेने केला. पोलिसांना बातमी मिळेना, कारण बातमी देणारी जीभच गावाने आवरून धरली होती. ‘ही माणसे परस्पर कशाला हवी, आम्ही मांजर-उंदराचा न्याय आमचा आम्ही करू’, असे म्हणण्याइतकी हिंमत खेड्यात आली. परंतु येथेही मागचीच सावधगिरी बाळगली पाहिजे. ‘पत्री सरकार’ हे लोकांनी दिलेले नाव गुन्हेगाराच्या तळपायांवर होणाऱ्या मारावरून आले असे सांगतात. न्याय गावाचा असला तरी हात तोच होता, आणि मारही तोच. पोलिसावर विश्वास नाही म्हणून माणसे आपला न्याय आपण करू लागली, की तो नेहमी जागल्याच्या मागासारखा धिमा आणि पारखून घेतलेला असतोच असे नाही. कधी कधी त्याचा जमाव होतो.

स्वातंत्र्य आले आणि राज्य आपले झाले. पोलीस आपल्याच गावचा, आपल्याच भाषेचा मुलगा झाला. १९६७ च्या महाराष्ट्र ग्रामपोलीस कायद्याने वंशपरंपरेचा पाटील गेला आणि नेमणुकीचा पोलीस पाटील आला. त्या जागी आज कोणत्याही जातीची माणसे येतात, बायकाही येतात. ही गोष्ट लहान नव्हे. तथापि १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्यात जादा पोलिसांचा खर्च रहिवाशांवर बसवण्याची तरतूद राहिली, आणि पुराव्याच्या कायद्यातला तो जुना अविश्वासही राहिला. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याचा आरोप झाला. सर्वोच्च न्यायालयात १९७८ साली पोलीस सुटले. पुढल्या वर्षी कायद्याच्या चार अध्यापकांनी न्यायालयाला जाहीर पत्र लिहिले, देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली कायदा बदलला. चिमूरच्या बायकांना मिळाली नाही ती दाद, एका अर्थाने, चाळीस वर्षांनी कायद्यात उमटली. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने अटकेचे नियम घालून दिले: अटकेचा कागद करावा, त्यावर साक्षीदाराची सही असावी, नातेवाइकांना कळवावे, वैद्यकीय तपासणी व्हावी. आणि २००७ साली १५ ऑगस्टपासून महाराष्ट्रात तंटामुक्त गावाची मोहीम सुरू झाली, म्हणजे निदान लहानसहान तंटे तरी गावाकडे परत आले.

१ जुलै २०२४ पासून पुराव्याचा नवा कायदा लागू झाला. इंग्रजांची पुस्तके बदलली, नावे बदलली, कलमांचे आकडे बदलले. पोलिसापुढची कबुली ग्राह्य न धरण्याचा नियम मात्र २३ व्या कलमात तसाच ठेवला गेला, आणि कोयत्याचे ते किलकिले दारही. १८६१ पासून १६० हून अधिक वर्षे झाली. एवढ्या काळात आपण स्वतंत्र झालो, लोकशाही आणली, चंद्रावर यान उतरवले. पण पोलिसासमोरचा शब्द निर्धास्तपणे खरा मानावा, असे म्हणण्याचे धाडस अजून कायद्याला झालेले नाही. कायद्याला जे जमले नाही ते खेडुताला का जमत नाही, असा जाब आपण त्याला कसा विचारणार?

पोलिसाचीही एक बाजू आहे आणि ती न सांगणे अन्यायाचे होईल. दिवाळीच्या रात्री आपण फराळाला बसतो तेव्हा तो नाक्यावर उभा असतो. त्याच्या ठाण्याखाली गावे पुष्कळ आणि माणसे थोडी. वरून निकाल लवकर हवा, खालून साक्ष मिळत नाही, आणि दोहोंच्या मध्ये हातात काठी. लोक बोलत नाहीत म्हणून तो दरडावतो, आणि तो दरडावतो म्हणून लोक बोलत नाहीत. हे रहाटगाडगे कोणी तरी आधी थांबवले पाहिजे, आणि ज्याच्या हातात अधिकार आहे त्यानेच ते थांबवावे हे उघड आहे. ज्या फौजदाराने गावात येऊन आधी तक्रारकर्त्याला बसायला सांगितले, त्याचे म्हणणे लिहून घेऊन वाचून दाखवले, आणि मग स्वतः उन्हात बांधाबांधाने हिंडून पाहिले, त्याचे नाव गाव वर्षानुवर्षे काढते. अशी माणसे पूर्वीही होती, आजही आहेत. खेडे कृपण नाही. विश्वासाला विश्वासाने उत्तर देण्याची त्याची रीत जुनी आहे.

शिवेवर उभा राहून पुढच्या गावच्या जागल्याला ‘हे बघ पाऊल, तुझी खात्री पटते का?’ असे विचारणारा तो माणूस काही फार मोठा नव्हता. पोटासाठी भाकरी मागणारा, वेशीबाहेर राहणारा, निरक्षर माणूस. त्याची व्यवस्था परत आणावी असे कोणी म्हणणार नाही, आणि म्हणूही नये. पण त्याचा तो प्रश्न परत आणण्यासारखा आहे. ज्या दिवशी तो प्रश्न ठाण्यात विचारला जाऊ लागेल, त्या दिवशी आयांना मुलांना भेडसावण्यासाठी एकट्या बागुलबुवावर भागवावे लागेल.